निळसर पांढऱ्याची केस

मी तोंड उघडलं नाही, हा माझा गुन्हा. नंतर उघडलं ते नको तिथे, हा दुसरा. आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे कुणी मला उगाच भला माणूस समजायला नको. आमच्या गल्लीत समजतात. मेव्हणा असावा तर असा, म्हणतात. ऐकलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचे. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. गिऱ्हाईक नमुना पाठवतं, कधी कपाटाचं दार, कधी जुन्या यंत्राचं झाकण, कधी नुसता नखाएवढा पत्र्याचा तुकडा, आणि म्हणतं की आम्हाला हाच रंग हवा, सहाशे लिटर. मग पांढऱ्यात काळा किती, निळा किती, पिवळ्याचा वास तरी लागू द्यायचा का, हे ठरवणारा माणूस लागतो. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी यंत्रं असतात. आमच्याकडे दाजी होते. थोरले मालक हयात असताना एक यंत्रवाला आला होता विकायला. मालकांनी त्याच्या यंत्रासमोर दाजींना बसवलं आणि दोघांना एकच नमुना दिला. यंत्रवाला चहा पिऊन निघून गेला, यंत्रासकट.

दाजींचे नियम फार. शेडच्या खोलीच्या भिंती करड्या, दाजींचा सदरा करडा, खिडकी उत्तरेची. मी एकदा लाल स्वेटर घालून आलो तर मला दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणाले, "तू आलास की अख्खी खोली लाजते. काढून ये." जेवणानंतर अर्धा तास ते कुठल्याच शेडला हात लावायचे नाहीत. पोट भरलं की माणूस कशालाही बरं म्हणतो, असं त्यांचं मत. आणि रंग लावलेला पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय त्या शेडच्या चिठ्ठीवर सही नाही. ओला रंग खोटं बोलतो, म्हणायचे. मालक दारात उभे राहून घड्याळ दाखवत असले तरी नाही.

मी त्यांच्या हाताखाली. दोन धंदे बुडवून घरी बसलो होतो तेव्हा ताईने त्यांच्यामागे भुणभुण लावली आणि त्यांनी मला चिकटवून घेतलं. वजन करायचं, ढवळायचं, पत्र्यावर पातळ थर ओढायचा, वाळवायचा, खिडकीपाशी धरायचं. ते "झालं" म्हणाले, सही केली, की त्यांचं काम संपलं. पुढे डबे भरून झाकणं बसेपर्यंत ते पिंप माझ्या ताब्यात. या रीतीनेच घात केला आमचा. सही झाल्यानंतर तास-दीड तास त्या पिंपाजवळ माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही.

दाजींना कामावरून काढून टाकलं त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. शाळेच्या बाकांसाठी एक फिका पांढरा होता. दाजी "झालं" म्हणाले आणि मला तो झालेला दिसेना. पिवळट वाटत होता. मी म्हटलं, आपलंच काही चुकतंय, आपण कोण त्यांच्यापुढे. ते घरी गेल्यावर पत्रा आणि नमुना घेऊन कारखान्याच्या अंगणात उभा राहिलो. पिवळटच होता. अगदी ढळढळीत. मी पिंपात थोडा निळा सोडला, ढवळला, पत्र्यावर ओढला, वाळू दिला. जुळला. डबे भरले आणि कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. लाल, हिरवा, तपकिरी यांत दाजी अजूनही राजा होते. घोटाळा फक्त पांढऱ्यात आणि फिक्या निळ्यात. आधी दहांत एक, मग दहांत दोन, शेवटी शेवटी दहांत चार. मी एकट्याने पिंपात हात घालत राहिलो.

सांगितलं का नाही? एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "दाजी, एकदा डोळे तपासून घ्या ना. मीही घेणार आहे." त्यांनी समोरचा डबा उचलला, त्याच्यावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवली आणि म्हणाले, "पन्नाशीनंतर लोकांना चष्मा लागतो, शहाण्या. माझा सुटला." खरंच सुटला होता. ताई चारचौघांत कौतुकाने सांगायची. मग मी काय बोलणार? आणि खोटं कशाला सांगू, मला ते आतून बरंही वाटायचं. ज्याला कुणी कधी हिंग लावून विचारलं नाही, त्याच्या हातावर आता अख्ख्या कारखान्याचा पांढरा चालला होता. हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. अकरा दिवस मी रजेवर. नेमक्या त्याच अकरा दिवसांत दवाखान्याच्या कपाटांची दुसरी बॅच होती. निळसर पांढरा. पहिली बॅच मी घरी बसायच्या आधी गेली होती, दाजींची सही आणि माझी दुरुस्ती. दुसरी नुसत्या दाजींच्या सहीवर गेली. कपाटवाल्याने चारशे कपाटं रंगवून दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात ओळीने लावली. अर्धी निळसर, अर्धी जुन्या दातांसारखी. दवाखान्याने सगळी परत पाठवली. कपाटवाला आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, त्याने आमच्याशी संबंध तोडला.

थोरले मालक तेव्हा नव्हते. धाकट्या मालकांनी चौकशी लावली, दोन बैठकांत संपवली आणि दाजींना काढलं. पत्रात कारण लिहिलं होतं, गंभीर निष्काळजीपणा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

दाजी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात बसले होते, मी गेलो तेव्हा. ताई कणीक मळायची थांबली होती. दाजी म्हणाले, "हुकलं असतं तर मीच कबूल केलं असतं. पण माझं हुकलेलं नाही. मी वाळलेला पत्रा बघितला, नमुना बघितला, मग सही केली. निष्काळजी म्हणजे काय रे? मी?" टाक्यांची जागा अजून ठणकायची माझी, पोटावर हात धरून बसलो होतो, तेव्हा ताईला वाटलं मला दुखतंय.

कामगार न्यायालयात केस टाकली. दाजींना बाकी काही नको होतं. कामावर परत घ्या आणि पत्रातले ते दोन शब्द काढा, बस्स. वकीलबाई मिळाल्या त्या चुणचुणीत होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा दाजींना आठवलं की शेडच्या खोलीतले दिवे, खिडकीच्या उजेडाला जोड म्हणून दिवसभर लागायचे ते, त्याच सुमारास बदलले होते. जुने काढून नवे, वीज कमी खाणारे. वकीलबाईंनी तोच मुद्दा धरला. दिव्यांनी घात केला, कामगाराने नव्हे. दाजींनाही ते पटलं. किती पटलं म्हणून सांगू, घरातले दिवेही बदलायला लावले ताईला. म्हणे या नव्या दिव्यांत सगळं पिवळं दिसतं.

मी सगळ्या तारखांना जायचो. चौदा महिने. लाकडी बाकडी, भिंतीवर बंद पडलेला पंखा, कारकुनाच्या टेबलावर फायलींचे मनोरे. धाकटे मालकही यायचे, स्वतः. कोपऱ्यात उभे राहायचे. मी त्यांच्याकडे नोकरीत, आणि बसायचो त्यांच्याविरुद्धच्या बाकावर. त्यांनी त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही. एकदा नळाजवळ गाठ पडली तेव्हा म्हणाले, "मला काय हौस होती का हो? बाबांनी आणलेला माणूस. नुसतं म्हणाले असते की आता झेपत नाही, तर स्टोअरमध्ये बसवलं असतं मानाने. पण ते म्हणतात माझं बरोबरच होतं. मग मी काय करायचं?" मी घटाघटा पाणी प्यायलो आणि निघालो.

बाराव्या महिन्यात कंपनीच्या वकिलाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. नवे दिवे लावल्यापासून ते कपाटांच्या बॅचपर्यंत दोन महिने गेले होते. त्या दोन महिन्यांत दाजींनी त्रेचाळीस शेड जुळवल्या. सगळ्या त्याच दिव्यांखाली. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. वकिलाने एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवली. सगळ्यांवर दाजींची सही. "साहेब, दिवे तेच, खोली तीच, माणूस तोच. त्रेचाळीस बरोबर आणि चव्वेचाळिसावी चूक. मग राहतं काय? हलगर्जीपणा."

त्या त्रेचाळिसांतल्या सतरा माझ्या होत्या. मी वाचवायला म्हणून केलं होतं ते सगळं, आणि तेच आता कागदावर उभं राहून दाजींना निष्काळजी ठरवत होतं. दाजी मात्र त्या गठ्ठ्याकडे ताठ मानेने बघत होते. "बघितलंस?" माझ्या कानाशी म्हणाले. "त्रेचाळीस."

त्या दिवशी मी वकीलबाईंना त्यांच्या कचेरीत गाठलं आणि सगळं ओकलो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"हो."

"अहो, कमाल करता. हीच तर केस आहे." त्या उठून येरझाऱ्या घालायला लागल्या. मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. नोकरीत असताना आजाराने कामाची ताकद कमी झाली तर तो कामगाराचा दोष धरत नाहीत. कंपनीने त्याची तपासणी करायची, झेपेल असं दुसरं काम द्यायचं, हाकलून द्यायचं नाही. निष्काळजीपणा हा शब्द आपोआप गळतो. "दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक अर्ज दिला असता ना, एका पानाचा, तर ही वेळच आली नसती. तुम्ही त्यांना तो देऊ दिला नाहीत."

मी मान खाली घातली. माझ्या तोंडावर हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

"आता दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "तुम्ही साक्ष द्यायची. आणि त्यांनी डोळे तपासून घ्यायचे. पण साक्षीच्या आधी त्यांना घरी बसवून सांगा. कोर्टात पहिल्यांदा कानावर पडता कामा नये. कळलं?"

कळलं, म्हटलं. तारखेच्या आदल्या संध्याकाळी गेलो ताईकडे. दाजी खिडकीत बसून पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. ताईने चहा टाकला. मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा दाजींनी दुसरंच काही काढलं. उद्या साहेबांपुढे तू सांग, म्हणाले, की मी कसं काम करायचो. पत्रा वाळल्याशिवाय मी सही करायचो नाही, हे सांग. तू एकटा आहेस ज्याने ते रोज बघितलंय. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता, त्यांचा स्वभावच नव्हे तो. मी चहा संपवला आणि उठलो. ताई दारापर्यंत आली, "काय झालंय रे?" म्हणाली. काही नाही, म्हटलं. शेण खाल्लं मी. दुसरा शब्द नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. वकीलबाईंनी विचारलं आणि मी सांगत गेलो. पहिला पांढरा, शाळेचे बाक, अंगणातला उजेड, पिंपात सोडलेला निळा. त्या दोन महिन्यांतल्या सतरा शेड, कुठल्या दिवशी कुठली, सगळं पाठ होतं मला. सांगताना मी साहेबांकडे बघत होतो. दाजींकडे बघितलं नाही. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत दोनच प्रश्न विचारले.

"हे तुम्ही कंपनीला कळवलंत?"

"नाही."

"स्वतः यांना सांगितलंत?"

"नाही."

ताई मागच्या बाकावर होती, ती पदर तोंडाला लावून बसली होती.

न्यायाधीश साहेब वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी दाजींना पुढे बोलावलं. म्हणाले, "यांनी सांगितलं ते खरं असेल तर प्रकरणाचं स्वरूपच बदलतं. मी तुम्हाला डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवतो. अहवाल तसा आला तर तुमच्या बाजूने बरंच काही करता येईल. तुम्हाला चालेल ना?"

दाजी उभे होते. हात मागे बांधलेले, शेडच्या खोलीत उभे राहायचे तसे.

"गरज नाही, साहेब."

"म्हणजे?"

"तपासणीची गरज नाही. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही." मग त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. पत्रा वाळायच्या आत मी सही केली. घाई केली. निष्काळजीपणा झाला माझ्याकडून."

वकीलबाई ताडकन उठल्या, वेळ मागितला. साहेबांनी दिला, पंधरा मिनिटं. बाहेर व्हरांड्यात त्या दाजींना समजावत होत्या, मग चिडल्या, मग पुन्हा समजावायला लागल्या. तुम्ही काय करताय तुम्हाला कळतंय का, नोकरी समोर ठेवलीय त्यांनी तुमच्या. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे. ताईने त्यांचा हात धरला. "अहो, एकदा तपासून घ्या. माझ्यासाठी." त्यांनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, हळूच.

मी पुढे झालो. "दाजी, तुम्ही आयुष्यात कधी ओल्या पत्र्यावर सही केली नाहीत. मी बघितलंय."

"तू काय काय बघितलंस ते ऐकलं मी आत्ता," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "सतरा. माझ्या सहीखाली. मी घरी जेवायला बसलो असेन तेव्हा."

"दाजी..."

"निष्काळजी माणूस उद्या काळजी घेऊ शकतो. आंधळ्याला शेडच्या खोलीत कोण घेणार आहे? आणि एकतीस वर्षांतल्या कुठल्या माझ्या आणि कुठल्या तुझ्या, हे मी आता कुणाकुणाला विचारत फिरू?"

आत गेल्यावर साहेबांनी पुन्हा विचारलं, तीनदा विचारलं, दाजींनी तीनदा तेच सांगितलं. कारकुनाने टाइप केलं, वाचून दाखवलं. कुणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने. दाजींनी सही केली. ठसठशीत सही, नेहमीसारखी. महिन्याभरात निकाल आला. कबुली असल्यामुळे बडतर्फी कायम.

माझी नोकरीही जायला हवी होती. पिंपात परस्पर हात घालणाऱ्याला कोण ठेवतं? मी राजीनामा लिहून नेला होता खिशातून. धाकट्या मालकांनी तो वाचला, घडी केली आणि मला परत दिला. "दोन वर्षं बिनबोभाट जुळवत होतात ना? मग जुळवा. मला कुणीतरी लागतंच." मी नाही म्हणू शकलो असतो. माझी पोरगी कॉलेजात, ताईच्या घराचं भाडं. ही कारणं खरी आहेत. तरी ती सांगताना माझ्या जिभेला काही तरी लागतं.

दाजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी गेलो की उठून आतल्या खोलीत. ताई दारातच माझ्याकडून पाकीट घ्यायची आणि त्यांना सांगायची की शिवणाचे पैसे आले. आता ती त्यांच्यापासून लपवायला लागली होती, माझ्यासारखीच. मी तिला म्हटलं, असं करू नकोस, सांगून टाक. ती म्हणाली, "तू मला सांगतोस हे?" मी जिना उतरलो.

सात महिने गेले. एका दुपारी दाजी जिन्यावरून पडले. शेवटची पायरी दिसली नाही. हाड मोडलं नाही, पण हाडांच्या डॉक्टरांनीच बॅटरी मारून डोळे बघितले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ताईने डॉक्टरांना सांगितलं, अहो पण यांचा चष्मा सुटला होता. ते म्हणाले, होतं तसं काहींना, जवळचं उलट चांगलं दिसायला लागतं थोडे दिवस, माणूस फसतो. या मोतीबिंदूत आतलं भिंग पिवळं पडत जातं, इतक्या हळू की स्वतःला पत्ता लागत नाही. ऑपरेशन वीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतो. अगदी साधं आहे, तीन वर्षांपूर्वी आला असतात तरी एवढंच केलं असतं.

ताईने हे मला फोनवर शब्दशः सांगितलं. मी शेडच्या खोलीत होतो, करड्या सदऱ्यात. फोन ठेवल्यावर स्टुलावर बसलो ते किती वेळ कोण जाणे. वीस मिनिटं. मी दोन वर्षं पिंपाजवळ चोरासारखा उभा होतो त्याऐवजी वीस मिनिटं. रडू आलं नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, तेही केलं नाही. बॅच राहिली होती, ती भरली.

पट्टी काढली त्या सकाळी ताईचा फोन आला की ते तुला बोलावताहेत. मी धावतच दवाखान्यात गेलो. दाजी कॉटवर बसले होते, मांडीवर पांढरी चादर. चादरीचा कोपरा उचलून उजेडात धरायचे, खाली ठेवायचे, पुन्हा धरायचे. मला बघून म्हणाले, "ये." सात महिन्यांनी.

मग भिंतीवर खिडकीखाली रंगवलेला आडवा पट्टा दाखवला. "हा निळा आहे. यात हिरव्याचा थेंबही नाही. आणि वरची भिंत, तिच्यात काळा जरा जास्त पडलाय, म्हणून ती मळकट दिसते. बरोबर?"

मी बघितलं. तंतोतंत बरोबर होतं. माझ्या ते लक्षातही आलं नसतं.

"बरोबर," मी म्हटलं.

"म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला वाटलं, चला, मिटलं. ताईलाही वाटलं असावं, ती हसली. दाजी कॉटच्या कडेला सरकले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंगत आली होती. "वकीलबाईंना फोन लाव. त्यांना सांग, मला दिसतं. साहेबांपुढे पन्नास पत्रे मांडा म्हणावं, शंभर मांडा. मी चूक होतो म्हणून लिहून देतो. तपासणीला नाही म्हणालो तेही चुकलं, तेही लिहून देतो. लाव."

मी लावला. वकीलबाई म्हणाल्या, अपिलाची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली. आणि मुदत असती तरी त्यांची स्वतःची कबुली आहे, तीनदा विचारून घेतलेली. मी म्हटलं, पण आता डॉक्टरांचा कागद आहे. त्या म्हणाल्या, "कागद त्या दिवशी हवा होता हो." दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना आता लांबूनही सगळं स्पष्ट दिसत होतं, माझं तोंडही.

"नाही म्हणाल्या," ते म्हणाले.

"हो."

"मग कोर्ट राहू दे. मालकांना विचार. थोरल्यांचा मुलगा आहे, मनाने वाईट नाही. त्याला म्हणावं हाताखाली घे. शेडच्या खोलीत जो कोणी असेल त्याच्या हाताखाली. मी पत्रे धुवीन." थांबले. "कोण बसतं आता तिथे? नवा घेतला का माणूस?"

ताईने मान फिरवली. मी या वेळी तरी लपवणार नव्हतो.

"मी बसतो, दाजी."

त्यांनी माझ्या सदऱ्याकडे बघितलं. खांद्यापासून खालपर्यंत, सावकाश.

"तू," ते म्हणाले.

"मी उद्याच सोडतो. मालकांशी बोलतो, तुम्हाला घ्यायला लावतो."

"कपाटवाल्याने नुकसानीचा दावा लावलाय, त्यात मालकाने सांगितलंय की निष्काळजी माणूस काढून टाकला. आता बडतर्फ केलेल्याला परत घेतलं तर मालकच अडकेल. एवढं मलाही कळतं. चौदा महिने कोर्टात बसलोय मी." त्यांनी चादर मांडीवर सारखी केली, चारही बाजूंनी. "आणि तू सोडलंस तर हिच्या घराचं भाडं कोण भरेल? शिवणाचे पैसे कुठून येतात ते माहीत आहे मला."

त्यांच्या पायांशी बसावं म्हणून वाकलो तर त्यांनी हाताने थांबवलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर नुसतं आभाळ होतं आणि समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेले कपडे. खूप वेळ बघितलं त्यांनी.

"इतकं स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "आता मी याचं करू काय?"

ताई म्हणाली, औषध घालायची वेळ झाली, मान मागे करा. त्यांनी केली.